मोरेबाबांची आडखोली

वाटीत चमचा पडला.

घरात तो आवाज कुणाच्या लक्षातही आला नसता. पण माळेवडगावच्या त्या दगडी चर्चमध्ये सकाळी इतकी शांतता होती, की स्टीलच्या वाटीत पडलेला तो चमचा वर कमानीपर्यंत जाऊन पुन्हा खाली आला. मी शिडीवर होते. खाली फणसळकर सर टेपचं दुसरं टोक धरून उभे होते. आम्ही दोघांनी एकदमच दाराकडे पाहिलं. दारात माझ्या सासूबाई, कडेवर माझी अबोली, हातात वाटी आणि चेहऱ्यावर 'झालं ते झालं' असा भाव.

मग अबोलीने सूर लावला.

ती तेव्हा चार महिन्यांची होती. मी सकाळी काढून ठेवलेलं दूध आई (सासूबाईंना मी आईच म्हणते) तिला चमच्याने पाजू बघत होत्या, आणि ती तोंड फिरवत होती. चमच्याचं दूध तिला कधीच पसंत पडलं नाही. तिचं रडणं त्या चर्चमध्ये असं काही घुमलं, की वरची कबुतरं उडाली.

"नाव ठेवलंय अबोली, आणि घसा बघा पोरीचा!" आई पुटपुटल्या. त्यांचं पुटपुटणंही घुमलं.

"वैजयंती," सर खालून म्हणाले, "मापं फुटात घ्यायची असतात. किंकाळ्यांत नाही."

मी शिडीवरून उतरले.

फणसळकर सर पुण्यातले जुने वास्तुविशारद. जुन्या इमारतींचा अभ्यास हे त्यांचं आयुष्य. त्या वर्षी ते एका फ्रेंच माणसाच्या कारकिर्दीवर पुस्तक लिहीत होते. एतिएन मोरेल त्याचं नाव. फ्रान्समधल्या ल्यों शहरात नकाशे काढायला शिकलेला हा माणूस विशीत पाँडिचेरीला आला. तिथे फ्रेंचांचं राज्य होतं. त्याने आधी सरकारी कचेऱ्या बांधल्या, मग दोन उंच मनोऱ्यांचं एक देखणं चर्च, आणि नाव होत असतानाच तो धर्मगुरू झाला. मिशनने त्याला उत्तरेला पाठवलं. आधी वऱ्हाडात, मग निजामाच्या मुलखात, गोदावरीच्या खोऱ्यात. जिथे गेला तिथे चर्च बांधत गेला. शेवटचं चर्च हे माळेवडगावचं. मागच्या अंगणात त्याची समाधी आहे. गावाने मोरेल नावाचं केव्हाच मोरे करून टाकलं होतं. "आमचे मोरेबाबा," असं लोक म्हणत, जणू शेजारच्या गल्लीतलेच.

सरांच्या पुस्तकातल्या शेवटच्या प्रकरणाचं नाव ठरलेलं होतं: 'उतार'. त्यांचं म्हणणं असं, की मोरेल पाँडिचेरीत शिखरावर होता आणि तिथून पुढे घसरत गेला. मनोरे ठेंगणे झाले. नक्षी गेली. रंगीत काचा गेल्या. ऊन, हिवताप, एकटेपणा, म्हातारपण. माणसाचं जे होतं ते झालं. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे शेवटच्या काही चर्चना उत्तरेच्या भिंतीला एक फुगवटा आला. बाहेरून बघितलं तर छानशा सरळ इमारतीच्या कुशीत एक बसकी, गोल पाठीची खोली चिकटलेली.

"गळू आहे हे," सर म्हणत. "ज्या माणसाने पाँडिचेरीत केसभर फरक चालवून घेतला नाही, त्याने हे स्वतःच्या हाताने केलंय. वाईट वाटतं."

आता ते गळू कापायचं घाटत होतं. चर्चचे फादर सायमन शिनगारे चाळिशीचे, त्याच भागातले, मोठ्या उत्साहाचे. लोक वाढले होते, आणि सणाला गर्दी झाली की एकाच दारात चेंगराचेंगरी व्हायची. त्यांना उत्तरेच्या बाजूला रुंद दार हवं होतं. सरांनी पाहणी करून सांगायचं होतं, की ती खोली पाडली तर मूळ इमारतीला धक्का नाही. सर तसं सांगणारच होते. फक्त पाडण्याआधी तिचे नीट नकाशे काढून ठेवायचे, म्हणून आम्ही आलो होतो.

आणि मी आले होते ते एक गोष्ट ठरवायला. बाळंतपणानंतरचं ते माझं पहिलं काम. मनाशी म्हटलं होतं, हे जमलं तर पुढे करत राहायचं; नाही जमलं तर सरांना सांगून टाकायचं, की आता बास. श्रीरंग, माझा नवरा, म्हणाला होता, "तुला वाटेल तसं कर." त्याचा त्यात काही वाईट हेतू नव्हता, पण मला नेमकं हेच कळत नव्हतं, की मला काय वाटतंय. सासूबाई मात्र बॅग भरून तयार. "मी येते. पोरीला मी बघते. तू भिंती बघ."

त्या सकाळी मी भिंती कमी आणि दार जास्त बघितलं. अबोलीला पाजायला एकदा गाडीत जाऊन बसले. मार्चचं ऊन, गाडी तव्यासारखी. दुसऱ्यांदा फादरांच्या कचेरीत गेले तर तिथे ट्रॅक्टरच्या कर्जासाठी शिफारस मागायला आलेले दोन काका बसलेले. ते बिचारे टोप्या सावरत उठून उभे राहिले, आणि मीच परत फिरले. तिसऱ्यांदा व्हरांड्यात, खांबाआड, पदर नसलेल्या कुर्त्यावर ओढणी ओढून. समोरून शाळेची पोरं गेली. अबोली घामाने निथळली, प्याली नाही, रडत राहिली.

मी परत आत आले तेव्हा सर चष्मा पुसत होते. ते चिडले की चष्मा पुसतात.

"हे बघ, वैजयंती. सकाळपासून एक भिंत झाली. एक."

"हो सर."

"तुझी चूक आहे असं मी म्हणत नाही. चार महिन्यांचं पोर आहे. पण काम म्हणजे काम. तू आज संध्याकाळी आईंना घेऊन परत जा. मी ऑफिसमधून पराडकरला बोलावतो. तो सडाफटिंग आहे, भिंतीवर झोपेल."

"सर, उद्यापर्यंत..."

"घाई नाही गं. पोर मोठं होऊ दे. चार-पाच वर्षांनी ये. इमारती कुठे पळून जात नाहीत."

ते आवाज चढवून बोलले असते तर मी भांडले असते. ते प्रेमाने बोलले. मी नुसती मान हलवली. चार-पाच वर्षं. त्यांना ती फार वाटत नव्हती.

बाहेर आले. आई चिंचेखाली बसल्या होत्या. त्यांनी माझं तोंड बघितलं आणि काही न विचारता अबोलीला माझ्याकडे दिलं.

"आई, मी सोडते हे," मी म्हटलं. "सर म्हणतायत ते खरंय. नाही होत."

"कोण म्हणतं नाही होत?"

"होतंय का? तुम्हीच बघताय सकाळपासून."

"मी काय बघतेय ते सांगू? पोरीला भूक लागलीय आणि तुला बसायला जागा नाही. एवढंच बघतेय." त्यांनी अबोलीच्या कपाळावरचा घाम पदराने टिपला. "मी पोस्टात होते ना, तेव्हा आमच्या सब-पोस्टमास्तरांनीही मला हेच सांगितलं होतं. घरी बसा बाई. मी नाही बसले. पार्सलच्या गोण्या ठेवायची खोली होती, तिथे गोण्यांवर बसून पाजलंय मी तुझ्या नवऱ्याला. बाहेरून आवाज यायचा, 'बाई, मनिऑर्डर!' आणि मी आतून ओरडायचे, 'आले, आले!' लाखेचा वास यायचा. अजून लाखेचा वास आला ना, की मला श्रीरंग एवढासा दिसतो."

हे त्यांनी मला आधी कधीच सांगितलं नव्हतं.

"मला वाटायचं, तुम्हाला ते सगळं सोपं गेलं."

"सोपं?" त्या हसल्या. "एकदा पाजताना त्याने गोणीवर शू केली. कुणा बिचाऱ्याच्या लोणच्याचं पार्सल. तसंच गेलं ते जबलपूरला."

मी रडता रडता हसले. तेवढ्यात चर्चची झाडलोट करणाऱ्या मार्थाबाई त्रिभुवन विहिरीकडून आल्या. साठीच्या, काटक. मघापासून त्या दुरून सगळं बघत असाव्यात. हातातली कळशी खाली ठेवून म्हणाल्या, "काय वं बाई, लेकराला असं उन्हातान्हात कामून घेऊन बसलात? त्या आडखोलीत जा की. थंडगार हाय."

"कुठली आडखोली?"

त्यांनी उत्तरेच्या भिंतीकडे बोट केलं. सरांच्या गळवाकडे.

"तिच्यात मंडपाचे बांबू राहत्यात, न् जुनं कर्णं. म्या कालच झाडलीय, तुमी मोजणार म्हणून. कोणी येत नाही तिथं. बाहेरून दार हाय, चर्चातून जायाचं बी काम नाही." कमरेची किल्ली काढून त्यांनी आईंच्या हातात दिली.

दार इतकं बुटकं होतं की वाकावं लागलं. आत शिरलो आणि उन्हाचा सगळा भपका मागे राहिला. भिंती जाड, काळ्या दगडाच्या, पाठ गोल. कोपऱ्यात बांबू रचलेले. वर दोन सागवानी तुळया, आणि प्रत्येक तुळईला एक लोखंडी कडी. भिंतीला लागून गोलाईत फिरणारी एक दगडी पायरी होती. पायरी म्हणजे कुठे चढायची नव्हे, नुसतीच, बसण्याजोगी. चर्चच्या बाजूच्या भिंतीत एक उभी अरुंद फट होती, हातभर उंचीची. तिच्यातून थोडा उजेड आणि बरीचशी झुळूक येत होती.

त्या फटीशी माझं जुनं वैर होतं. आदल्या दिवशी सर आणि मी इथे उभ्याउभ्या येऊन गेलो होतो, तेव्हा ती पुन्हा पुन्हा मोजली होती. चर्चमधून खोलीत येताना ती सरळ नव्हती. तिरपी, खाली घसरणारी, एका अंगाला कललेली. उभं राहून डोळा लावला तर पलीकडे फक्त समोरच्या खांबाचं मधलं अंग दिसे. सरांनी वहीत लिहून घेतलं होतं: कोन चुकला आहे. म्हातारपणी नजर गेली असावी.

मी त्या पायरीवर बसले. पाठ गोल भिंतीला टेकली, आणि टेकताच कळलं की भिंतीची गोलाई पाठीसाठीच आहे. कंबर जिथे दुखते तिथे दगड पुढे आलेला. पाय जमिनीला नीट टेकत होते, मांडी आपोआप वर आली होती, उशी न घेता अबोली नेमकी हवी तिथे पोचली. तिने एकदा हुंदका दिला, आणि प्यायला लागली. त्या दिवशी पहिल्यांदा.

किती वेळ मी खालीच बघत होते. तिच्या कानशिलावरचा घाम हळूहळू सुकत गेला. मग ती अर्धवट डोळे मिटून संथ प्यायला लागली, आणि मी मान वर केली.

समोर वेदी होती.

फटीतून. सगळी नाही, पण वेदीचं पांढरं वस्त्र, त्यावरचा क्रूस, तांबड्या काचेतला दिवा. खांब कुठेच नव्हता. फादर शिनगारे तिथे संध्याकाळच्या उपासनेची तयारी करत होते. त्यांचे दोन्ही हात मला दिसत होते, वस्त्राची घडी सारखी करणारे. चेहरा नाही, हातच. मिस्सेच्या, म्हणजे मुख्य उपासनेच्या वेळी बघण्याजोगं जे असतं, ते त्या हातांतच असतं. त्यांनी मेणबत्तीचा स्टँड ठेवला, तो लहानसा आवाजही माझ्या कानाशी झाला.

मी मान डावीकडे नेली, वेदी गेली. उजवीकडे नेली, गेली. मध्ये आणली, आली. बाळाला पाजणारी बाई मान वर करील, तेव्हा तिची नजर जिथे असेल, तिथेच.

"आई," मी हळूच म्हटलं.

"थांब, जरा हे बांधू दे." आई बांबूंवरून वाकून काहीतरी करत होत्या. त्यांनी पिशवीतलं जुनं नऊवारी लुगडं काढलं होतं, जे त्या अबोलीसाठी सगळीकडे घेऊन फिरत. त्याचं एक टोक या तुळईच्या कडीत, दुसरं त्या तुळईच्या कडीत. दोन गाठी, मध्ये झोळ. हाताने दाबून बघितलं, समाधानाने मान डोलावली. "बरं झालं, कड्या आहेत. आणि अंतर बघ कसं, जसं काही माप घेऊन ठोकल्यात. दे इकडे तिला, झोपलीय."

अबोलीला त्यांनी झोळीत ठेवलं. झोळी माझ्या गुडघ्याच्या उंचीला आली. बसल्या जागेवरून पायाच्या अंगठ्याने झोका देता येईल, अशी.

त्या कड्यांबद्दल सरांच्या वहीत लिहिलं होतं: घंटेच्या दोरासाठी असाव्यात. घंटा चर्चच्या पार दुसऱ्या टोकाला होती.

मी बाहेर पळाले. अनवाणी, ओढणी विसरून.

सर चर्चच्या पायऱ्यांवर डबा उघडून बसले होते. "काय झालं? पोर ठीक आहे ना?"

"सर, चला. आत्ता चला."

"अगं, पोळी तरी..."

"पोळी नंतर. चला."

एवढ्या वर्षांत मी सरांशी असं बोलले नव्हते. ते निमूट उठले. बुटक्या दारातून वाकून आत आले, झोळी बघितली, कड्या बघितल्या, आणि त्यांचा हात चष्म्याकडे गेला.

"बसा इथे," मी म्हटलं.

"कुठे? खाली? वैजयंती, माझे गुडघे..."

"बसा हो," आई म्हणाल्या. "मी उठवते तुम्हाला नंतर. पोस्टात याहून जड गोण्या उचलल्यात."

सर कण्हत बसले. पाठ भिंतीला टेकली, आणि मी त्यांचा चेहरा बघत होते: पाठीला ते कळलं. मग त्यांनी सवयीने मान वर करून फटीकडे बघायला सुरुवात केली.

"असं नाही," आई म्हणाल्या, आणि कुणी काही म्हणायच्या आत त्यांनी झोळीतून अबोलीला उचलून सरांच्या मांडीवर ठेवलं. "आधी खाली बघा. पोराकडे बघा. आईला दुसरीकडे बघायला सवड कुठे असते? हं. आता जरा मान वर करा."

सर अविवाहित होते. आयुष्यात त्यांनी बाळ कधी मांडीवर घेतलं असेल असं मला वाटत नाही. त्यांचे हात ताठ, कोपरं दोन्हीकडे, जणू काचेतला जुना नकाशा धरलाय. त्यांनी अबोलीकडे बघितलं. मग सावकाश मान वर केली.

पलीकडे फादर शिनगारे काहीतरी गुणगुणत वेदीवरून फडकं फिरवत होते.

"कोन चुकलेला नाही," सर शेवटी म्हणाले. अगदी हळू, अबोली जागी होऊ नये म्हणून की काय, मला कळलं नाही. "मीच उभा राहून मोजत होतो."

मग त्यांना थांबवणं कठीण झालं. अबोली आईंच्या हाती परत गेली, लॅपटॉप आला, आम्ही तिथेच दगडी पायरीवर बसून त्यांचे सगळे जुने फोटो काढले. वऱ्हाडातल्या चर्चला ही खोली नव्हती. गोदावरीकडच्या पहिल्या चर्चलाही नव्हती. तिथे उंच मनोरा होता, रंगीत काच होती, सगळं देखणं होतं. त्यानंतरच्या चर्चला मात्र उत्तरेला एक बारकी खोली, नुसतीच, चर्चच्या आतून दार असलेली. त्याच्या पुढच्यात खोलीला फट, पण उंचावर; बसलेलीला काही दिसलं नसतं. त्याच्या पुढच्यात फट खाली आलेली. पुढच्यात तिरपी झालेली, आणि तुळयांना कड्या. आणि इथे, शेवटच्यात, बाहेरून दार. म्हणजे मिस्सा चालू असताना रडणारं पोर घेऊन कुणाच्या नजरेसमोरून उठून जायला नको. यायचं तर यावं, जायचं तर जावं. सगळीकडे उत्तरेला, कारण बायका चर्चमध्ये त्याच बाजूला खाली बसत.

"मनोरे लहान होत गेले," सर स्क्रीनकडे बघत म्हणाले, "आणि मी मनोरेच बघत राहिलो."

फादर शिनगारे दारातून वाकून डोकावले. "काय सर, पडली का भिंत?" त्यांचं हसू आमची तोंडं बघून मावळलं. सरांनी त्यांनाही बसवलं. आईंनी त्यांच्याही मांडीवर अबोली दिली. ते मात्र सराईत निघाले, घरात पाच भाचरं. त्यांनी वर बघितलं, आपली स्वतःची वेदी बघितली. मग उठून बांबूंना हात लावून म्हणाले, "मार्थाबाई, हे मंडपवाल्याला न्यायला सांगा. आजच." जरा वेळाने, स्वतःशीच: "दार दक्षिणेला काढू. तिकडे चिंच आडवी येते, पण बघू."

मार्थाबाई दारात उभ्या होत्या. झोळीकडे बघून म्हणाल्या, "आमच्या तिन्ही लेकरांना घेऊन म्या बाहेर चिंचंखाली बसायची. तवा मला कोणी सांगितलंच नाही की आत जागा हाय."



आम्ही संध्याकाळी परत गेलो नाही. पराडकरला फोन गेला नाही. पुढचे काही दिवस मी त्या आडखोलीत राहिले म्हटलं तरी चालेल. अबोली झोळीत, मी पायरीवर, मांडीवर फळी, फळीवर कागद. एका पायाने झोका. सर चर्चमधून मापं ओरडून सांगत, आणि मी फटीतून उत्तर देत असे. त्यांनी एकदाही किंकाळ्यांबद्दल काही म्हटलं नाही. एकदा तर तेच आत आले आणि म्हणाले, "थांब, तू खिडकीचं पूर्ण कर," आणि उभ्याउभ्या, हात लांब ठेवून, झोळीला झोका देत राहिले.

निघायच्या दिवशी आई मागच्या अंगणात गेल्या. मोरेबाबांच्या समाधीवर मार्थाबाईंनी झेंडूची फुलं ठेवली होती. आईंनी त्यात आपल्या केसांतलं एक मोगऱ्याचं घातलं आणि हात जोडले. आमच्या घरातून चर्चला कुणी कधी गेलेलं नव्हतं. मी विचारलं, काय मागितलंत?

"मागायचं काय? थँक्यू म्हटलं," आई म्हणाल्या. "कुणीतरी म्हणायला नको?"

पुस्तक निघालं तेव्हा शेवटच्या प्रकरणाचं नाव 'उतार' नव्हतं. आणि त्याखाली सरांचं नाव नव्हतं, माझं होतं. मी नको नको म्हटलं. "मला तिथे बसता येत नाही," ते म्हणाले. "गुडघे." पुढे मी काम सोडलं नाही. कधी खूप केलं, कधी कमी केलं, धाकट्याच्या वेळी वर्षभर जवळजवळ नाहीच केलं. पण सोडलं नाही. फणसळकर सर मागच्या पावसाळ्यात गेले. त्यांच्या ऑफिसात आता, जिथे जुने नकाशे सुकवायची खोली होती, तिथे खिडकीशी एक आरामखुर्ची आणि छताला दोन कड्या आहेत. त्या त्यांनी स्वतः उभं राहून ठोकून घेतल्या होत्या. त्या खोलीत दोन मुली आपापली पोरं घेऊन काम करतात. तिघी होत्या, एकीचं पोर शाळेत जायला लागलं.

हे मी डाळ शिजेपर्यंत, धाकटा झोपेपर्यंत, असं तुकड्यातुकड्यांत लिहितेय. आज अबोली शेजारी येऊन बसली. सात वर्षांची आहे. पुस्तकातला आडखोलीचा नकाशा उघडा होता, मी काढलेला.

"ही मी?" तिने झोळीवर बोट ठेवलं. नकाशात मी झोळी काढली होती. सरांनी ती खोडली नव्हती.

"ही तू."

मी तिला सगळं सांगितलं. कड्या, फट, पायरी, आजीने सरांच्या मांडीवर तिला कसं ठेवलं ते. लोणच्याचं पार्सलही. ती खूप हसली. मग तिने पानं मागे मागे उलटली. शेवटच्या चर्चवरून आधीच्या, त्याच्या आधीच्या, असं करत ती गोदावरीकडच्या पहिल्या, त्या उंच मनोऱ्याच्या, रंगीत काचांच्या चर्चपाशी आली. बोटाने तिने उत्तरेची भिंत शोधली. सरळ होती.

"इथे खोलीच नाही."

"नाही. इथे अजून मोरेबाबांना सुचली नव्हती."

"मग कशी सुचली?"

"ते आम्हाला नाही सापडलं. सरांनी खूप शोधलं."

ती नकाशावर हनुवटी टेकून विचार करत राहिली.

"मला माहितीय," ती म्हणाली. "इथे कुणाचं तरी बाळ रडलं असणार. खूप. माझ्यासारखं. आणि त्या आईला बाहेर जायला सांगितलं असणार."

"असेल."

"मोरेबाबांनीच सांगितलं असेल?"

"असेल, अबोली. मला नाही माहीत."

तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"मग त्या आईला नंतर आत येता आलं का गं?"